खापर लाइनीवर

आमच्या यवतमाळात काहीबी बिघडलं का लाइनीचं, म्हंजे विजेचं, नाव घ्याचं, हे जुनीच खोड. कपाशी सुकली, लाइन नव्हती. पोरगं नापास झालं, लाइन नव्हती. त्या साली भारनियमनानं एवढं पिडलं होतं का कोनी उलट इचारतच नव्हतं.

कॉलेजच्या लॅबमंदी माह्याकडे स्टेंटची तपासनी होती. स्टेंट म्हंजे हृदयाच्या नळीत बसवतात ती धातूची बारीक जाळी. मशीन तिले धडधडीसारखं दाबते, सोडते, दाबते, सोडते. मधातच लाइन गेली. आली, मशीन सुरू झालं, अन् जाळी कटकन तुटली.

"दीपमाला, लाइनीच्या झटक्यानं तुटली, असं लिहून टाक," लॅबचे प्रमुख गुलाबसिंग सर म्हनाले. स्टेंट कंपनीचे अनिमेष साहेब बाजूलेच हसत बसले होते.

"बाप्पा! आधी पाहू तं द्या," मी म्हनलं.

तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. नुसत्या झटक्यानं तुटलं असतं तं एका दमात तुटलं असतं. इथं तं कापलेल्या लाकडावर असतात तशा रेघा, एकामागं एक. धातू बनवतानाच आत राह्यलेल्या एका कडक खड्यापासून तडा हळूहळू सरकत आलता. धातूचे दाणे कॉम्प्युटरवर मांडून मी जो हिशेब केलता, त्यातबी असाच खडा धोक्याचा निघाला होता. लाइनीनं फक्त शेवटचा धक्का देल्ला.

"नाचता येईना अंगण वाकडं!" माह्यं डोस्कंच तापलं. "माल खराब हाय, साहेब. लाइनीले कायले बदनाम करता?"

अनिमेष साहेबानं आवाज मऊ केला. "मॅडम, तुमच्या वडिलांना स्टेंट बसवायचाय ना? सर सांगत होते. आमच्याकडून घ्या. एक पैसा नको."

राळेगावले माहे बाबा चार पावलं चालले का छातीले हात लावून बसत. ऑपरेशन पैशापायीच अडलं होतं. मले रडूच आलं. लाइनीनं तुटली, एवढी एकच ओळ तं लिहाची होती.

"कोनत्या लॉटमधला द्याल?" मी इचारलं. "याच?"

"छे छे! तुमच्या वडिलांना दुसऱ्या लॉटमधला देऊ."

बोलून गेले, अन् मंग जीभ चावली. गुलाबसिंग सरायनं मान खाली घातली.

मी त्यायच्यासमोरच रिपोर्ट ओढला अन् लिहलं, धातूत दोष, माल नापास.

"माह्या बाबाले जो चालत नाई, तो कोनाच्याच बाबाले चालत नाई, साहेब," मी म्हनलं. "अन् माह्या बाबाचं मी पाहीन."