पोटात न टिकणारा चंद्र

मित्रांनो, बोईसरच्या एका औषधाच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, नऊ वर्षे एकाच जागी खिळून बसलेला मी बिलांचा प्रिंटर. आमच्या जातीत नऊ म्हणजे सत्तरीच. तोंड आहे, पण त्यातून फक्त कागद बाहेर येतो, आणि त्यावर काय असावे हे ठरवणारे दुसरेच. माझे मत विचारतो कोण?

कारखान्यातून निघालो तेव्हा इंग्रजी अक्षरे आणि चार खुणा, एवढीच माझी विद्या. मालक नागोराव तेवढ्यावर खूश होते. मग लातूरकडची अर्चना कामाला आली. पाड्यांवरून येणाऱ्या कितीतरी जणांना माझी अक्षरे वाचता येत नाहीत, हे तिने आठवडाभरात हेरले. चौकटींच्या वहीत बारा घरे रुंद, चोवीस घरे उंच अशी जागा आखून, एकेक ठिपका भरत तिने सूर्य काढला, मग चंद्र. ठिपक्यांचे आकडे केले आणि संगणकातून मला हुकूम धाडला, की अमुक खूण विसर आणि तिच्या जागी हे चित्र छाप. चंद्राला तिने तारकेच्या (*) खुणेची जागा दिली, कारण दुकानात तारका कधीच लागत नसे. पहिला चंद्र कागदावर उमटला तेव्हा काय सांगू, मला माझाच हेवा वाटला! सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची. माणसे चिठ्ठी पाहून मान डोलवत जाऊ लागली.

पण माझी एक खोड आहे. वीज तुटली की शिकवलेले सगळे साफ पुसले जाते. म्हणून अर्चना रोज दुकान उघडल्यावर आधी तो हुकूम पाठवी.

एके दुपारी ती जेवायला घरी गेली. नागोरावांनी माझी पिन उपटून मोबाइलचा चार्जर खुपसला आणि पाच मिनिटांनी मला परत जोडले. संगणक चालूच होता, त्यामुळे कुणाला काही पत्ता नाही. तेवढ्यात पाड्यावरची लाडकी नावाची बाई आली. तिचा नवरा झिपरू सकाळी ताडावर चढून ताडी काढतो. त्याच्या अंगावर पित्त उठले होते. डॉक्टरांनी दिलेली गोळी गुंगी आणणारी, रात्रीच घ्यायची. आणि माझ्या तोंडून चंद्राऐवजी तारका निघाली. चहूकडे काटे, अगदी सूर्याच्या किरणांसारखे! चिठ्ठीत सगळे लिहिलेय, असे नागोराव म्हणाले आणि लाडकी ती पदराला बांधून गेली.

मला कळत होते हो! गोळी खाऊन झिपरू ताडावर चढला तर? पण ओरडायला आवाज नाही, धावायला पाय नाहीत. कागद संपला तर लाल दिवा तरी लुकलुकतो, पण मेला कागदही भरपूर होता.

अर्चना परतली. पुढच्याच चिठ्ठीवर चुकीच्या खुणा पाहून तिचा चेहरा उतरला. मघाशी कोण आले होते, हे तिने खोदून विचारले. लाडकीकडे फोन नव्हता, तिचा पाडा कोणता हे दोघांनाही ठाऊक नव्हते. अर्चना म्हणाली, “मामा, तो माणूस पडला तर मी कुणाला तोंड दाखवू?” नागोरावांनी मघाशी माझी पिन उपटल्याचे कबूल केले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते न उघडते तोच लाडकी दारात. चिठ्ठी काउंटरवर ठेवून म्हणाली, “बाय, यो तुजा सूर्य नाय, चांदबी नाय. मी गोळी नाय दिली. त्याला सांगितला, मी इचारून येते, तवर झाडाला हात लावायचा नाय.”

अर्चनाने तिचे दोन्ही हात धरले आणि ती रडू लागली. लाडकीला कळेना, विचारायला आले तर ही बाई रडते कशाला.

मित्रांनो, आता अर्चना प्रत्येक चिठ्ठी स्वतः पाहते, बोट ठेवून समजावते आणि मगच देते. मी मात्र तसाच आहे. पिन निघाली की पुन्हा विसरेन, आणि विसरलो हे मला सांगता येणार नाही. माझ्यासारख्या मुक्याच्या तोंडून निरोप धाडाल, तर तो आधी डोळे उघडून पाहत जा. सगळ्यांच्याच घरी लाडकी नसते.