डाग मी पाडला, खोटं बोललो नाही

मी एक जुना लोखंडाचा कण आहे. मित्रांनो, हसू नका. सुईच्या टोकावर माझी लाखो भावंडं मावतील, एवढासा माझा जीव. तरी माझ्यावर दगाबाजीचा आळ आला, तेव्हा मी मान खाली घातली नाही. आजही घालणार नाही.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूत झाला. आम्ही एकमेकांना चिकटू नये म्हणून आमच्या अंगावर साखरेच्या जातीचं पातळ आवरण चढवलं. मग संशोधक ताईने आम्हाला जिवंत पेशींच्या बशीत सोडलं. पेशींनी आम्हाला गट्ट केलं आणि त्या पेशी इजा भरून काढतील या आशेने एका उंदरिणीच्या दुखावलेल्या पाठीत टोचल्या गेल्या. तिचे मागचे पाय लुळे होते, पण तोरा असा की हातमोज्यालाही चावे. ताई तिला सरदारीण म्हणायची.

पाठीत शिरलेली पेशी कुठे गेली, हे बाहेरून दिसत नाही. आम्ही मात्र मोठ्या चुंबकाच्या, म्हणजे एमआरआयच्या यंत्रात दिसतो. जिथे आम्ही, तिथे चित्रात काळा डाग.

आमचा डाग जागेवरून हलला नाही. विभागप्रमुख सर हरखून गेले. आमचं चित्र भिंतीवर लागलं, पाहुण्यांनी वाहवा केली. पेशी जगल्या, आता माणसांवर उपचार सुरू करू, असं सरांनी ठरवलं. ताईचा धाकटा भाऊ शिडीवरून पडून चाकांच्या खुर्चीला खिळला होता. त्याला पहिल्या तुकडीत घेऊ, असंही ते म्हणाले.

सरदारीण मात्र अजून पाय ओढतच चालत होती. कारण मला ठाऊक होतं. माझी पेशी कधीच मेली होती. शरीरात साफसफाई करणाऱ्या दुसऱ्या पेशीने तिला माझ्यासकट गिळलं होतं. जागा तीच, डागही तसाच काळा. मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो.

ताईला शंका आली. दुसऱ्या उंदरांना पेशी टोचताना तिने आमच्या जोडीला आणखी एक खूण दिली, पेशी जिवंत असेल तरच मंद उजळणारी. थोड्याच दिवसांत उजेड विझला. डाग राहिला.

सर भडकले. कणांनी दगा दिला, उरलेले फेकून द्या, म्हणाले.

"कणांनी आपण कुठे आहोत तेवढंच सांगितलं, सर," ताई म्हणाली. "पेशी जिवंत आहेत, हे आपण म्हणालो."

तरी माणसांवरच्या उपचाराच्या अर्जावर सही कर, असं सरांनी तिला आधी समजावलं, मग दरडावलं. शेवटी म्हणाले, निदान भावाचा तरी विचार कर.

"त्याचाच विचार करून नाही म्हणतेय."

तिने सही केली नाही. माणसांवरचा उपचार थांबला. भिंतीवरचं चित्र उतरलं आणि ताईचं टेबल अडगळीच्या खोलीशेजारी गेलं.

घरी तिने भावाला सगळं सांगितलं. आईने त्याचे नुकतेच धुतलेले बूट आत नेले. त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली.

"म्हणजे माझ्या पाठीत मेलेल्या पेशी भरणार होते?" त्याने विचारलं.

"टोचताना जिवंत. नंतर मेल्या असत्या."

"मग बरं झालं. पण ताई, जगणाऱ्या पेशी मिळेपर्यंत हात टेकायचे नाहीत. मी काही कुठे पळून जात नाही."

तो आधी हसला, मग ती. आई मात्र हसली नाही.

अडगळीच्या खोलीशेजारी बसून ताई आता नव्या पेशी वाढवते आहे. पेशी कुठे आहे ते माझे भाऊबंद सांगतात, जिवंत आहे का ते उजेड सांगतो. म्हातारी सरदारीण अजून चावते. मी तिच्या पाठीत हळूहळू विरघळतो आहे. माझं लोखंड तिच्या रक्ताच्या कामी येत आहे.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असं मी विनवणार नाही. माझ्यासारख्या साक्षीदाराला त्याने पाहिलं तेवढंच विचारा. उत्तर मनासारखं आलं नाही, म्हणून त्याच्या नावाने खडे फोडू नका. डाग मी पाडला होता. तो खरा होता.