तारप्याच्या मेणावरचा अंगठा

सुकवलेल्या भोपळ्यात बांबूच्या नळ्या बसवायच्या आणि रानमाश्यांच्या मेणाने त्या पक्क्या करायच्या, हे तारपा नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य बनवण्याचं काम रानशेतच्या पाड्यात हाल्यासारखं कुणालाच जमत नाही. निदान हाल्या तरी सगळ्यांना तसं सांगायचा. तारपा शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा पहिला दम ठरलेला असे, "तारपा उन्हात ठेवलास, तर माझ्या दारात येऊ नको."

आणि विज्ञान दिनाला त्याने स्वतः नेमकं तेच केलं.

त्याची मुलगी संगीता तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली होती, पाड्यातली पहिली शिक्षिका. २०१८चा फेब्रुवारी सरत आला होता. त्या दिवशी पालकांसमोर आणि तालुक्याच्या साहेबांसमोर तिचा पाठ होता. पाठ संपला की हाल्याने तारपा वाजवायचा, असं ठरलं होतं. हाल्याने ही बातमी पाड्यात एवढी फिरवली, की निघताना जीपमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. तारपा चेंगरायला नको म्हणून त्याने तो टपावर बांधला. चारोटी नाक्यावर टायर पंक्चर झालं. जीप भर उन्हात तापत राहिली, आणि हा बहाद्दर सावलीला बसून ड्रायव्हर लाहूला मुलीचं कौतुक ऐकवत राहिला.

शाळेच्या व्हरांड्यात त्याने तारपा तोंडाला लावला, तर नुसती हवा फुसफुसली. मेण ओघळलं होतं, नळ्या तिरक्या झाल्या होत्या. आख्ख्या पाड्यादेखत पोरीचं नाक आता आपणच कापणार, असं त्याला वाटलं.

संगीता बाहेर आली. त्याचा चेहरा बघून तिला काय ते कळलं.

"टपावर बांधलेला, बाय," तो पुटपुटला. "माझ्याच हातानं. चारोटीला जीप उन्हात अडकली."

तिने तारपा निरखला आणि म्हणाली, "आत घेऊन ये, बाबा. मला पाहिजेच आहे हा."

वर्गात टेबलावर स्टोव्ह पेटला होता. तिने एका पळीत मेण तापवलं, ते लगेच पाणी झालं. साखरेला वेळ लागला, मग ती लालसर होऊन वितळली. मीठ मात्र तडतडलं आणि तसंच पांढरं राहिलं. मग तिने तारपा उचलून सगळ्यांना दाखवला. "माझा पाठ आता सुरू झाला, पण या मेणानं तो चारोटीलाच सुरू केला होता." वर्ग हसला. हाल्याने मान खाली घातली.

तिने मुलांना पुढे बोलावलं आणि एकमेकांची करंगळी धरून गोल करायला लावला. एकाला म्हणाली, धक्का दे. गोल लगेच सुटला. "आता तारप्याच्या नाचात धरतो तसे कमरेला हात घाला." आता धक्का देणाराच मागे फेकला गेला.

"मेणाचे रेणू एकमेकांना करंगळीनं धरतात," ती म्हणाली. "थोडी उष्णता मिळाली की सुटतात. मिठातल्या कणांवर विजेचा भार असतो, एकावर धन, शेजारच्यावर ऋण. ते चारी बाजूंनी एकमेकांना आवळून धरतात. त्यांना सोडवायला आठशे अंशांच्या वर ताप लागतो. साखरेची पकड मधली."

हाल्याला राहवलं नाही. "मग मी तारप्याला मीठच लावू का?"

सगळे हसले, तीही हसली. "मीठ वितळेपर्यंत भोपळ्याची राख होईल, बाबा. मेण हलकं धरतं, म्हणून तर ते तुझ्या बोटांचं ऐकतं. मिठानं कुणाचंच ऐकलं नसतं."

जन्मभर तो मेणाच्या मऊपणाला शिव्या घालत आला होता. त्या मेणाचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं, आणि केलं ते त्याच्या पोरीने. हाल्याचा ऊर भरून आला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही.

पण तारपा अजून मुकाच होता. नळ्या सरळ धरण्यातच हाल्याचे दोन्ही हात गुंतले, मेण दाबायला हात उरला नाही. संगीताने तो मांडीवर घेतला. लहानपणी नळ्यांच्या फटीत मेण भरायला तिचीच बोटं लागायची. तिने मेण स्टोव्हच्या धगीवर मऊ केलं, अंगठ्याने नीट दाबून बसवलं आणि वर माठातल्या गार पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं. मग हाल्याने गाल फुगवले. तारपा घुमला, पाड्याची माणसं उठली, मुलांचे हात पुन्हा कमरेला गेले. साहेबही त्या गोलात ओढले गेले.

परतताना तारपा हाल्याच्या मांडीवर होता, टॉवेलात गुंडाळलेला. लाहूने मुद्दाम विचारलं, "टपावर बांधू का?" हाल्याने टॉवेलाचा आणखी एक वेढा दिला.

मेणावर संगीताच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. एरवी असा ठसा हाल्या घासून गुळगुळीत करी. हा त्याने राहू दिला. तारपा शिकायला येणाऱ्यांना तो आधी ठसा दाखवतो, मग मिठाची गोष्ट सांगतो, मध्येच अडखळतो. आता त्याचा दमही बदलला आहे.

"तारपा उन्हात ठेवलास, तर तलासरीला माझ्या पोरीच्या वर्गात नेऊन बसवीन."