फाटकावरची माळ

मित्रांनो, दिव्यांची एक जुनी माळ तुमच्याशी बोलते आहे. माझे निम्मे दिवे फिके पडले आहेत आणि वायरीला जागोजागी चिकटपट्टी आहे. कारखान्यातून आले तेव्हा मात्र माझा तोरा काही औरच होता.

आमच्या वसाहतीतली घरे अशी, की एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे. सणासुदीचा मोसम आला की घरोघरी छपरांवर माळा लागत (फाटकावर मात्र मी एकटीच!), पण त्या उतरवायचे नाव कोणी घेत नसे. एकाच्या अंगणातले फुगवलेले अस्वल तर उन्हाळ्यापर्यंत पदपथावर लोळत पडे. शेवटी वसाहतीच्या सेक्रेटरीबाईंनी नियम केला. मोसम संपला, की आठवड्याच्या आत सगळे उतरवायचे.

सेक्रेटरीबाई माझ्याच घरच्या सूनबाई. त्यामुळे सगळ्यांत आधी मीच खोक्यात गेले. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्याच संध्याकाळी सासूबाई फिरून आल्या आणि थेट शेजारच्या शिंप्याच्या घरात शिरल्या. चपला काढून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, चहा टाक गं!"

शिंपी भला माणूस. त्याने गुपचूप चहा करून दिला, मग त्यांना हाताला धरून घरी आणले. "काकूंचा चहा माझ्याकडे झालाय," तो हसत म्हणाला. सूनबाईंना मात्र हसू आले नाही.

"आई, दिसत नाही हे सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर एकटीला फाटकाबाहेर सोडलं असतंस? फाटकावर माळ दिसली की आत वळायचं, एवढं मला जमत होतं."

सूनबाईंनी डॉक्टरांची वेळ घेतली आणि लगेच वसाहतीची बैठक बोलावली.

"स्वतःचाच नियम मोडणार का, बाई?" कोणीतरी टोमणा मारला.

"मोडत नाही, सुधारतेय. ज्या घरी गरज आहे, तिथे फाटकावर एक माळ राहील. घरचं माणूस आत आलं की बंद."

मी पुन्हा फाटकावर चढले. रोज सासूबाई आत आल्या की स्वतःच्या हाताने बटण बंद करत. तेवढ्या वेळात मला केवढे समाधान मिळे!

पुढे त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर त्यांनी मला जवळून पाहिले. "अगंबाई, इतकी मळकी होतीस होय!" आता माझी गरज संपली, म्हणजे रवानगी भंगारात! पण त्यांनी ओले फडके आणून माझा एकेक दिवा पुसला आणि मला स्वतःच्या खोलीत, खिडकीच्या आतल्या बाजूला लावले.

मित्रांनो, नियम जरूर पाळा. मोसम संपला की आम्हाला उतरवा, नीट गुंडाळून ठेवा. पण कोणाच्या फाटकावर अवेळी माळ दिसली, तर तक्रार करण्याआधी एवढे विचारा, की घरी कोण यायचे आहे?