दोन ब्रेकांमधली पट्टी

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे आणि उंचीने ठेंगणा आहे. हसू आले असेल तर हसून घ्या. मी कारखान्यातून नवाकोरा दुकानात आलो, तेव्हा तिथले धिप्पाड ट्रॅक्टरही मला हसत होते. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालत होतो.

मला विकत घेतले ताईंनी. ताई म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. डोंगरउतारावर त्यांची संत्र्याची बाग होती. झाडांच्या ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जाऊच शकत नव्हता, म्हणून माझा नंबर लागला. ताईंना यंत्रातले फारसे कळत नव्हते, पण आजारपणातले सगळे कळत होते. त्यांनी मला सरळ पेशंटच करून टाकले. रोज सकाळी तेल मोजायची कांडी बाहेर काढत आणि म्हणत, "चल, जीभ दाखव." मग चाकांतली हवा, रेडिएटरचे पाणी, सैल झालेले नटबोल्ट, ग्रीस. सगळे ठीक असले की बॉनेटवर एक थाप मिळे. त्या थापेसाठी मी कडाक्याच्या थंडीतही एका झटक्यात सुरू होत असे.

उतारावर त्यांची शिस्त कडक होती. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. पुढची माती उचलायची बकेट जमिनीलगत ठेवायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. मला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक आहेत. सपाट शेतात जागच्या जागी वळायचे असेल तर एकच दाबतात. उतारावर मात्र ते दोन्ही एका छोट्या लोखंडी पट्टीने जोडून ठेवावे लागतात. नाहीतर एक चाक थांबते, दुसरे पळत राहते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ताई सीटवर बसल्या की आधी ती पट्टी चाचपत. सोळा वर्षांत एक दिवसही त्या विसरल्या नाहीत.

पुढे ताईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांचा धाकटा भाऊ मदतीला आला. भाऊंनी सारा जन्म चष्म्याच्या दुकानात काचा पुसण्यात घालवला होता. त्यांना धुळीचा एक कण खपत नसे. त्यांनी मला धुतले, पुसले, मेण लावून घासले. माझे इतके लाड कुणीच केले नव्हते. खरे सांगतो, मी फुगून गेलो होतो.

"अरे, वरवर किती पुसशील? आतही बघ जरा," ताई म्हणत.

"बघतो गं ताई," असे म्हणून भाऊ दिव्याची काच पुसायला घेत.

एका सकाळी त्यांना दोन ब्रेकांच्या मध्ये वाळलेला चिखल दिसला. झाले! त्यांनी पट्टी सोडली, दात घासायचा जुना ब्रश आणला आणि अर्धा तास ती खाच घासली. ब्रेक लखलखले. पट्टी मात्र तशीच लोंबकळत राहिली. मला ओरडावेसे वाटले, पण मला आवाज म्हणजे एक हॉर्न, तोही दुसऱ्याने दाबला तर!

भाऊ ट्रॉलीत संत्र्यांचे क्रेट भरून निघाले. वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय नेमका उजव्यावरच पडला. माझे उजवे चाक अडले, डावे सुटले आणि मी उताराच्या कडेकडे फिरलो. खाली दोन पुरुष उंचीचा कडा होता. शेडच्या दारात संत्री निवडत बसलेल्या ताई जिवाच्या आकांताने ओरडल्या, "बकेट टेक! बकेट खाली टेक!" भाऊंनी बकेटचा दांडा ढकलला. बकेटचे दात मातीत रुतले आणि मी काठापासून हातभर अंतरावर थांबलो.

भाऊ खाली उतरले. त्यांना लोंबकळणारी पट्टी दिसली. ताई काठी टेकत येईपर्यंत त्यांनी ती गुपचूप जागेवर बसवली. हे फक्त मी पाहिले.

"ब्रेक दगा देतोय गं याचा," ते म्हणाले. "म्हातारा झालाय. काढून टाकू."

ताईंचा जीव भावात अडकलेला. त्यांनी एका शब्दानेही उलट विचारले नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांचे सुटे भाग करून विकणारा माणूस दारात उभा राहिला. त्याने ब्रेक दाबून पाहिले.

"ताई, ब्रेक तर ठणठणीत आहेत की!"

"असू देत. भावापेक्षा जास्त नाही मला काही," असे म्हणून त्यांनी तोंड फिरवले. त्या रडत होत्या. मी दवाखान्यातल्या मुक्या रोग्यासारखा उभा होतो. माझी बाजू कोण सांगणार?

भाऊ माझा दिवा पुसत होते. शेवटचे म्हणून असेल. त्यांचा हात थांबला.

"ताई, ब्रेकची पट्टी मीच सोडली होती. नंतर मीच लावली, तुला कळू नये म्हणून."

ताई वळल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मेला असतास की रे! आणि वर याच्या नावानं खडे फोडत बसले असते मी."

त्यांनी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवले. भावाला मात्र हातात ग्रीसची पिचकारी देऊन माझ्या पोटाखाली झोपवले. तासाभराने भाऊ कोपरापर्यंत काळे होऊन बाहेर आले. शर्ट तर वायाच गेला. पण त्या दिवसापासून ते सीटवर बसले की आधी खाली वाकतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, पाण्याचा पंप असेल. त्यांना चकचकीत ठेवा, आम्हालाही नटायला आवडते. पण अधूनमधून वाकून आतही बघा. आणि कधी तुमच्या हातून चूक झालीच, तर ती आमच्यावर ढकलू नका. त्या दिवशी भाऊ बोलले नसते, तर दुसरे कोण सांगणार होते? खरे काय घडले ते त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत होते, आणि मला संध्याकाळपर्यंत सुटे करून टाकले असते.