तारा कधी फुटायचा?

सासूबाईंना हृदयाची झडप बदलून घ्यायची नव्हती. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, मुलीने डोळ्यांतून पाणी काढलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मागितलं नसताना स्वतःचे टाके दाखवले. सासूबाई ढिम्म.

"आता बघायचं राहिलंय काय?" म्हणून त्यांनी भिंतीकडे कूस बदलली.

"ह्यांचा तारा राहिलाय ना," मुलगी वैतागून बोलून गेली.

सासूबाईंनी कूस परत बदलली. मुलीने हे बरोबर टिपलं.

या ताऱ्याची हकीगत अशी. तारे जन्मतात कसे, पिकतात कसे आणि आटोपतात कसे, याचा अभ्यास करणं हा जावईबापूंचा पोटापाण्याचा धंदा. लग्न ठरायच्या आधी सासूबाईंनी त्यांना रोखठोक विचारलं होतं, की तुम्ही नेमकं करता काय? जावईबापू त्यांना गच्चीवर घेऊन गेले आणि एक तांबडा तारा दाखवला. "हा म्हातारा झालाय. पोटातलं इंधन संपत आलंय, म्हणून असा फुगलाय. लवकरच फुटेल. मग भरदिवसा दिसेल." मुलगा निर्व्यसनी आहे आणि विचारलेलं सांगतो, एवढ्यावर सासूबाईंनी होकार दिला. आपल्या धंद्यात 'लवकरच' म्हणजे येत्या लाखभर वर्षांत, हे सांगायचं जावईबापूंच्या लक्षातच आलं नाही. त्यांना ते उघडच वाटलं.

पुढे त्याच ताऱ्यावर त्यांनी प्रबंध लिहिला, त्याच ताऱ्यावर नोकरी लागली, त्याच ताऱ्यावर ते विभागप्रमुख झाले. केस गेले, चष्मा आला, पोट सुटलं. जे काही बदल व्हायचे ते सगळे जावईबापूंमध्ये झाले. तारा होता तसाच राहिला. मध्यंतरी एकदा तो अचानक मंदावला तेव्हा टीव्हीवाले घरी आले, जावईबापूंनी नवा शर्ट घातला. पण ताऱ्याच्या तोंडावर नुसती धूळ आली होती. ती सरली, टीव्हीवालेही सरले.

सासूबाई मात्र दर भेटीला विचारायच्या, "काय जावईबापू, फुटला का?" आणि "अजून नाही" ऐकलं, की मुलीकडे अशा बघायच्या जणू जावयाची बढतीच हुकली. मुलांनी कधी विचारलं नाही, बायकोने तर केव्हाच सोडून दिलं होतं. अख्ख्या घरात त्यांच्या कामाची चौकशी करणारं हे एकच माणूस होतं, आणि ते आता भिंतीकडे तोंड करून पडलं होतं.

बायकोने त्यांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. "अहो, एकदाच खोटं बोला. तारा पुढच्या वर्षी फुटणार म्हणा. त्याच्यासाठी तरी आई ऑपरेशन करून घेईल."

"पण तसा काही पुरावा..."

"पुरावा राहू दे. आई जाईल माझी."

जावईबापूंनी पाण्याच्या मशीनशी उभं राहून ते वाक्य चारदा म्हणून पाहिलं. घड्याळात किती वाजले विचारलं तरी 'सुमारे' लावून सांगणारा माणूस तो. चौथ्यांदा त्यांना घाम फुटला. मग ते आत गेले. डॉक्टर नाडी बघत होते.

"आई, तारा पुढच्या वर्षी फुटणार."

सासूबाईंनी डोळे उघडले. "नक्की?"

इथे नुसती मान हलवायची होती. पण जन्मभराची सवय कुठे जाते.

"नक्की," जावईबापू म्हणाले. "अधिक-उणे पन्नास हजार वर्षं."

बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टर सलाईनची बाटली नव्यानेच पाहिल्यासारखे पाहू लागले. तेवढ्यात सासूबाईंची चादर हलायला लागली, उशाशी ठेवलेलं यंत्र टिंवटिंव करू लागलं आणि नर्स धावत आली.

"हसतेय गं मी, मरत नाहीये," सासूबाई डोळे पुसत तिला म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. "बघितलंस? यांना खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. उद्या कोणी दारात येऊन घर मागितलं, तर हे चहा पाजून किल्ली देतील. यांच्या भरवशावर तुला टाकून मी जाऊ कुठे? डॉक्टर, सांगा कुठे सही करायची ते."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "आजी, या ऑपरेशनमध्ये साधारणपणे शंभरातले..."

"ते अधिक-उणे मला सांगू नका," सासूबाई म्हणाल्या. "घरात एक आहे तेवढा पुरे."

झडप बदलली. सासूबाई शुद्धीवर आल्या, तेव्हा नाकातोंडावर मास्क होता. त्याच्याआडून त्या काहीतरी पुटपुटल्या. नर्सला वाटलं, पाणी हवंय. मुलीला वाटलं, दुखतंय. जावईबापूंना मात्र बरोबर कळलं. ते खाली वाकले.

"नाही आई, अजून नाही."

सासूबाईंनी समाधानाने डोळे मिटले.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मलाही आता घाई नाही."