सोळा पानांची घडी

गुलजारबीची आधी करंगळी झोपली. मग शेजारचं बोट, आणि वर्षभरात मनगटापर्यंत सगळा उजवा पंजा बधिर. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, म्हणून तिनं पहिले सहा महिने लक्षच दिलं नाही. पुढे ती दोन बोटं आत वाकली आणि सरळ होईनात, तेव्हा तिला कळायचं ते कळलं. तिच्या मोहल्ल्यात असा हात एका म्हाताऱ्याचा होता. महारोग म्हणून लोक त्याला नळापाशी उभं राहू देत नसत, आणि त्याच्या नातीला अजून स्थळ आलं नव्हतं.

गुलजारबी विधवा, तिला एकच लेक, मासूमा. मासूमाचा निकाह इगतपुरीच्या शौकतशी ठरला होता. शौकत रेल्वेत फिटर, शांत, आईला जपणारा. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. निकाहाला तीन आठवडे होते. तेवढे दिवस हात कुणाच्या नजरेला पडता कामा नये, एवढंच तिला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिची मूठ तर आपोआपच झाकत चाललेली!

खरं तर भीती वाटायला हवी होती. पण हाताबरोबर मनही झोपलं असावं. ती उठायची, डोक्यावर पदर घ्यायची, नाशिकच्या भद्रकालीतल्या छापखान्यात यायची आणि घड्या घालायची.

घडीचं काम सोपं वाटतं ना? करून बघा एकदा! छापलेला मोठा ताव समोर घ्यायचा, आकड्यावर आकडा जुळवून दुमडायचा, हाताची कड दाबून फिरवायची. मग ताव वळवून पुन्हा, आणि पुन्हा. तीन घड्यांत सोळा पानं. एक घडी उलटी पडली की चारनंतर नवव्या पानाची पाळी येते, आणि मालक सावळीराम सात पिढ्या उद्धरतो. गुलजारबीला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते, आणि बारा वर्षांत तिची घडी चुकली नव्हती.

त्या उन्हाळ्यात, सन चौतीसच्या, परेरा मास्तरांचं पुस्तक छापायला आलं होतं. मास्तर मूळचे गोव्याचे, देवळालीला साहेबांच्या पोरांना फ्रेंच शिकवून म्हातारे झालेले, एकटे. तीस वर्षं खपून त्यांनी पुस्तक लिहिलं, तेही एका शब्दावर. दोनशे पानं आणि शब्द एक! सावळीराम त्यांच्या पाठीमागे कपाळाला हात लावायचा. मास्तर मात्र रोज यायचे, आणि ऐकून घेणारं दुसरं कुणी नसल्यानं गुलजारबीसमोर स्टूल ओढून बसायचे.

"शब्द तुमच्याच कामाचा आहे, गुलजारबी. प्लिकारे. लॅटिनमधला. म्हणजे वाकवणं, दुमडणं, घडी घालणं."

"मग त्याला दोनशे पानं कशाला, मास्तर?"

"अहो, पोरंबाळं फार झाली त्याला! फ्रेंचांच्या घरचं पोर सरळमार्गी. तिथं तो प्लिये झाला, आणि अजून घडीच घालतो. आमच्या पोर्तुगीजांत मात्र त्याचं शेगार झालं. शेगार म्हणजे पोचणं."

"घडी घालून कोण पोचतं?"

"गलबत! बंदर आलं की शिडं दुमडायची. शिडं दुमडली म्हणजे पोचलो. निदान जाणती माणसं असं सांगतात." मास्तर रंगात आले. "आणि रुमानियात बघा. तिथं म्हणे रोमन फौजेचे शिपाई होते. त्यांनी तंबू दुमडले की मुक्काम हलला. म्हणून तिथं तोच शब्द, प्लेका, म्हणजे निघून जाणं! एका आईची दोन लेकरं, एक पोचलं आणि एक निघालं."

गुलजारबीनं ताव वळवला. "आम्ही बारा वर्षं घड्या घालतोय. ना कुठं पोचलो, ना कुठून निघालो."

मास्तर इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला. ती हसली नाही. तिनं गंमत केलीच नव्हती.

पुस्तकाचे शेवटचे ताव चालू होते त्या दिवशी सावळीराम गठ्ठा चाळता चाळता ओरडला. तीसेक तावांच्या कडेला लाल फराटे उमटले होते. "गुलजारबी! पान खाऊन घड्या घालतेस होय गं?"

तिनं हात उलटा करून पाहिला. मेजाच्या फळीतला खिळा वर आला होता. करंगळीखालचं मांस त्यावर फाटलं होतं आणि रक्त वाहत होतं. केव्हापासून, अल्ला जाणे. तिनं झटकन हात पदराखाली घेतला. जन्मात पान न खाल्लेली ती बाई म्हणाली, "चुकलं, शेठ. पानच होतं तोंडात."

मास्तर स्टुलावरून उठले. त्यांनी ताव पाहिला, पदरावर पसरत चाललेला डाग पाहिला, आणि मग तिचा चेहरा पाहिला. त्यावर दुखल्याची एक रेघ नव्हती.

"पान माझं, सावळीराम," ते म्हणाले. "बोलता बोलता उडालं. या वयात तोंड कुठं आवरतं? तेवढे ताव माझ्या खर्चानं पुन्हा काढा."

सावळीराम पुटपुटत यंत्राकडे गेला. मास्तर खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाचा हात असाच होता. मिशनच्या दवाखान्यात या रोगावर कडुकवठाच्या तेलाची सुई टोचतात. लवकर गेलं तर बरंच वाचतं. उद्याच जा."

"निकाह झाल्यावर."

"अहो, पण..."

"निकाह झाल्यावर, मास्तर. तुम्ही एका शब्दाला तीस वर्षं दिलीत. मी लेकीसाठी तीन आठवडे मागतेय."

मास्तरांनी खिशातला रुमाल काढून मेजावर ठेवला आणि ते त्या दिवशी लवकर घरी गेले.

निकाह थाटात झाला. गुलजारबीनं हाताला फडकं गुंडाळलं आणि विचारेल त्याला तव्याचा चटका बसला म्हणून सांगितलं. शौकतची आई भली बाई. "समधन, जपा हो हाताला," एवढंच म्हणाली. कुणाला काही कळलं नाही. सगळं मनासारखं पार पडलं, तरी गुलजारबीला ना आनंद झाला ना रडू आलं. लोक म्हणाले, काळजाची घट्ट आहे.

दुपारी वऱ्हाड नाशिक रोडला इगतपुरीच्या गाडीत बसलं. मासूमा खिडकीशी होती. तिनं गजांतून हात बाहेर काढला, आईच्या हातावरचं फडकं सोडलं आणि तो उघडा हात आपल्या हातात घेतला.

"अम्मी, आता तरी दवाखान्यात जाशील ना?"

गुलजारबी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? वर्षभर रोज तुझा हात धरून झोपतेय मी. आधी तू झोपेतही माझी बोटं दाबायचीस. मग दाबेनाशी झालीस."

शिट्टी झाली. गाडी हलली. गुलजारबी खिडकीबरोबर चालू लागली, लेकीचा चेहरा तेवढा तिला दिसत होता, तो लांब गेला, डब्यामागून डबे गेले, आणि ती हात पुढे करून चालतच राहिली.

"ओ बाई, मागं सरा," हमाल म्हणाला. "गाडी गेली कवाच."

तिनं खाली पाहिलं. बोटं धरल्यासारखी वाकलेली होती आणि हातात काही नव्हतं. मासूमानं हात कधी सोडला, ते तिला कळलंच नव्हतं. मग फलाटावर, एवढ्या माणसांत, गुलजारबीनं हंबरडा फोडला.